कंपवात, लयकारिका आणि कॅल्शियम

आगाशीचे माझे थोरले मामा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांचे अक्षर हा गावात कौतुकाचा विषय. लग्नपत्रिकांवरची नावे त्यांच्याच हातून घालून घेण्याची आमच्याकडे रीत होती. निवृत्तीनंतर सातव्या वर्षी बँकेने त्यांचा एक धनादेश परत पाठविला. कारण, सही जुळत नाही. सही त्यांचीच होती, वळणही तेच होते, परंतु ती मुंगीएवढी झाली होती. पहिले अक्षर जरा तरी मोठे आणि पुढची क्रमाने लहान लहान. घरच्यांनी "वय झालं" म्हणून सोडून दिले, एकाने चष्मा बदलण्याचा सल्ला दिला. मामांचा उजवा अंगठा आणि तर्जनी तपकिरीची चिमूट चोळावी तसे आपोआप एकमेकांवर फिरू लागले होते, चालताना तो हात हलेनासा झाला होता. पण या तीन गोष्टी एकाच सूत्रात ओवल्या जायला दीड वर्ष गेले. मुंबईच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी निदान सांगितले : कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार. लहान होत जाणारे अक्षर हे या आजाराचे पाठ्यपुस्तकातले लक्षण आहे.

परतीच्या गाडीत बोरिवली गेल्यावर बसायला जागा मिळाली तेव्हा मामांनी मला विचारले, "अरे, तू कॉलेजात मानसशास्त्र शिकवतोस ना? मग मला सांग, डोक्यातल्या या पेशी मरतात तरी कशाने?" मला उत्तर देता आले नाही. चेतापेशी आणि डोपामीन यांवर मी दरवर्षी तासन्‌तास बोलत आलो होतो; पण 'कशाने' हा प्रश्न मला ना कोणा विद्यार्थ्याने विचारला होता, ना मी स्वतःला. त्यानंतर जे वाचले, ते येथे मांडीत आहे. कला शाखेच्या वार्षिकात पेशीविज्ञान कशाला, असे वाचकाला वाटेल. त्याला एवढेच सांगतो की या विषयात यकृताच्या रसापासून कुंपणावरच्या अडुळशापर्यंत बरेच काही येते आणि रसायनशास्त्राची पदवी नसतानाही ते समजते.

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकारावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात वर्णिलेले रुग्ण अवघे सहा. त्यांपैकी काही तर त्यांनी रस्त्यातच पाहिलेले. आपल्याकडे कंपवात हा शब्द जुना आहे, पण आजाराची मोजदाद अलीकडची. या बाबतीत आपल्या शेजारच्याच एका पाहणीचा उल्लेख केला पाहिजे. मुंबईच्या पारशी वसाहतींमधील १४,०१० लोकांची पाहणी नादिर भरूचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली व १९८८ साली ती प्रसिद्ध केली. त्यांना कंपवाताचे ४६ रुग्ण आढळले, म्हणजे लाखाला सुमारे ३२८. हा आकडा मोठा वाटतो. तथापि, पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण अधिक आहे आणि हा आजार मुख्यतः उतारवयाचा आहे, हे ध्यानात घेतले की त्यातील बराचसा भाग उलगडतो. माणसे अधिक जगू लागली की कोणत्याही गावाची गणना त्याच दिशेने सरकणार. वसई-विरारही त्याला अपवाद नाही.

आता मेंदूकडे वळू. मेंदूच्या खोडात वरच्या बाजूस काळपट रंगाच्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. लॅटिनमध्ये त्याचे नावच 'काळा पदार्थ' अशा अर्थाचे आहे. या पेशी डोपामीन हे द्रव्य तयार करतात आणि हालचालींना लागणारी सहजता त्यावर अवलंबून असते. कंपवातात या पेशी मरत जातात, आणि हाताचा कंप घरच्यांच्या नजरेस येईतो त्यांतील निम्म्याच्या आसपास गेलेल्याही असतात. मरणाऱ्या पेशींत काय दिसते? फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ साली अशा रुग्णांच्या मेंदूत, पेशींच्या आत, गोल गोल गाठोडी पाहिली. ती कशाची आहेत हे कळायला १९९७ साल उजाडले : अल्फा-सिन्यूक्लीन नावाच्या एका प्रथिनाची. हे प्रथिन निरोगी पेशीतही असतेच. म्हणजे प्रश्न परक्या विषाचा नव्हे. घरातलीच वस्तू वापरून झाल्यावर बाहेर काढली गेली नाही, असा आहे. मग घर झाडण्याचे काम कोणाचे?

ते काम लयकारिकांचे. शाळेच्या पुस्तकात 'आत्मघाती पिशव्या' या भडक नावाने आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या शोधाची हकीकत सांगण्याजोगी आहे. बेल्जियममधील लूव्हाँ येथे ख्रिस्तियाँ द दूव्ह हे इन्शुलिनचा अभ्यास करीत होते. १९४९ च्या अखेरीस उंदराच्या यकृतापासून केलेल्या रसात एका विकराचे मोजमाप घेतले, तर ते अपेक्षेच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढेच भरले. कोणी दुसरा असता तर तो रस मोरीत ओतून मोकळा झाला असता. यांनी तो शीतपेटीत ठेवला आणि काही दिवसांनी पुन्हा मोजला. आता विकर भरपूर होते! ते आधीही होतेच, पण कसल्याशा पिशवीत बंद होते. पिशवी हळूहळू फुटल्यावर बाहेर आले. १९५५ साली द दूव्ह यांनी या पिशव्यांचे नामकरण केले आणि १९७४ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्या वेळी अपेक्षेप्रमाणे आकडा आला असता, तर हा शोध त्यांच्या हातून निसटला असता, असे मला राहून राहून वाटते.

लयकारिकेच्या पिशवीत पन्नासहून अधिक प्रकारची विकरे असतात आणि आतले पाणी सभोवतालच्या पेशीद्रव्याहून शंभरपटींपेक्षा अधिक आम्ल असते. ही आम्लता टिकविण्यासाठी पिशवीच्या पडद्यावर पंप बसविलेले आहेत, ते सतत चालू ठेवावे लागतात. जीर्ण प्रथिने, मोडक्या तंतुकणिका, निकामी स्निग्धद्रव्ये येथे येतात, त्यांचे तुकडे होतात आणि ते पुन्हा वापरले जातात. म्हणून 'आत्मघाती' हे विशेषण मला अन्यायाचे वाटते. ही पेशीची भंगारपेठ आहे, आणि भंगारवाल्याचे मोल तो यायचा थांबला की कळते. त्वचेच्या किंवा आतड्याच्या पेशी विभागत राहतात, त्यामुळे साचलेला कचराही वाटला जातो. चेतापेशी विभागत नाही. सत्तरीच्या माणसाची चेतापेशी सत्तर वर्षांची असते. शिवाय त्या काळ्या पट्ट्यातील एकेका पेशीचे धागे लाखो ठिकाणी जोडलेले असतात, आणि त्या सगळ्या पसाऱ्याची झाडलोट तिला एकटीला करावी लागते.

सफाई बिघडल्याने मेंदू बिघडतो याचा बळकट पुरावा एका दुर्मिळ आजारातून आला. फिलिप गोशे या फ्रेंच वैद्याने १८८२ साली वर्णन केलेल्या आजारात प्लीहा व यकृत प्रचंड वाढतात, हाडे दुखतात. कारण लयकारिकेतील एक विकर (ग्लुकोसेरेब्रोसिडेज असे त्याचे लांबलचक नाव) निकामी असते आणि एक स्निग्धद्रव्य पेशीत साचत जाते. हा आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावे लागते. एकाकडूनच आले तर माणूस निरोगी वाहक ठरतो, असे वैद्यक मानीत आले. परंतु या रुग्णांच्या नात्यागोत्यात कंपवात वारंवार दिसतो हे काही चिकित्सकांच्या लक्षात आले. अखेर २००९ साली जगभरातील सोळा केंद्रांनी मिळून पाच हजारांवर कंपवाताचे रुग्ण आणि जवळजवळ तितकेच निरोगी लोक तपासले. रुग्णांमध्ये हे सदोष जनुक आढळण्याची शक्यता पाच पटींहून अधिक निघाली. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे : बहुसंख्य वाहकांना आयुष्यभर कंपवात होत नाही. जनुक म्हणजे ललाटलेख नव्हे. पण दिशा कळली. पुढे १९९७ च्या त्या प्रथिनाशीही दुवा जुळला. विकर कमी पडले की अल्फा-सिन्यूक्लीन साचते. आणि साचलेले अल्फा-सिन्यूक्लीन नवे विकर लयकारिकेपर्यंत पोचू देत नाही. असे हे दुष्टचक्र २०११ साली दाखविले गेले.

इथवर मी मामांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "कचरा साचला हे कळलं. पण झाडूवाल्याला बोलावणं कोण धाडतं?" शिक्षकाचा प्रश्न. त्याचे उत्तर कॅल्शियममध्ये आहे.

कॅल्शियम म्हटले की आपल्याला हाडे आणि दूध आठवते. पेशीच्या आत त्याची भूमिका निराळी आहे, आणि तिचा पहिला सुगावा एका नोकराच्या हलगर्जीपणातून लागला. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे सुटे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून ते किती वेळ धडधडते हे पाहत होते. ते पुष्कळ वेळ धडधडले. मग उघडकीस आले की साहाय्यकाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले होते. शुद्ध पाणी घेतल्यावर हृदय थोड्याच वेळात थांबले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमनेच ते चालले होते, हे रिंगर यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. स्नायूचे आकुंचन, ग्रंथींचा स्राव, चेतापेशींचे परस्परांशी बोलणे, या सर्वांत कॅल्शियमचा कण हा निरोप्या असतो.

निरोप पोचण्यासाठी शांतता लागते. ही शांतता कशी राखली जाते हे वसईकराला समजावून सांगणे सोपे आहे. खाडीकाठची खारजमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना बांध आणि उघाडी ठाऊक आहे. बाहेर भरतीचे खारे पाणी, आत भातशेती, आणि मध्ये एक झडप. पेशीचे तसेच आहे. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट अधिक असते. पडद्यावरील पंप आत शिरलेला कण रात्रंदिवस बाहेर उपसत राहतात. आत इतके कमी असते म्हणूनच, झडप क्षणभर उघडली तरी फरक लगेच जाणवतो, आणि तोच निरोप ठरतो. उघाडी मोडून पाणी आत तुंबून राहिले तर मात्र पीक जळते. पेशीचेही तेच होते. कॅल्शियम रेंगाळले की तंतुकणिका गुदमरतात आणि पेशी मरणाकडे झुकते. दृष्टांत येथवरच चालतो. कारण शेतात एकच झडप असते, पेशीत मात्र आतल्या आतही कॅल्शियमची कोठारे आहेत, आणि लयकारिका हे त्यांतलेच एक! त्यांच्यात पेशीद्रव्याच्या काही हजार पट कॅल्शियम असते, हे पुष्कळ उशिरा लक्षात आले. भंगारपेठेतच तारघर निघावे तसे हे झाले.

या तारघराची कामगिरी इटलीत नेपल्स येथील आंद्रेआ बालाबिओ यांच्या प्रयोगशाळेने उलगडली. पेशी उपाशी पडली वा तिच्यावर ताण आला की लयकारिकेच्या पडद्यावरील एक द्वार उघडते आणि थोडे कॅल्शियम बाहेर सुटते. त्यामुळे जवळच असलेले एक विकर जागे होते. ते टी.एफ.ई.बी. नावाच्या प्रथिनाच्या बेड्या काढते, आणि हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात जाऊन नव्या लयकारिका व नवी विकरे तयार करणारी जनुके एकदम चालू करते. ही साखळी २०१५ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे झाडूवाल्याला बोलावणे बाहेरून येत नाही. कचरा वाढला की तो स्वतःच आणखी माणसे मागवून घेतो, आणि ती मागणी कॅल्शियमच्या भाषेत असते. द्वार जन्मतःच निकामी असेल तर काय होते हे एका दुर्मिळ बालविकारात दिसते : मुलाची चाल आणि वाचा विकसित होत नाही, दृष्टी जाते.

यावरून लक्षात येईल की सफाई आणि संदेश हे दोन वेगळे बिघाड नसून एकाच बिघाडाची दोन टोके आहेत. निमन-पिक आजाराच्या 'सी' प्रकारात बालकांचा मेंदू झिजतो. तेथे लयकारिकांतील कॅल्शियमचा साठा बराच घटलेला असतो, असे ऑक्सफर्ड येथील संशोधकांना २००८ मध्ये आढळले. अल्झायमरच्या आनुवंशिक प्रकारात ज्या प्रेसेनिलिन जनुकात दोष असतो, त्याच्या अभावी लयकारिका पुरेशा आम्ल होत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या राल्फ निक्सन यांच्या गटाने २०१० साली मांडले. आणि आम्लता गेली की कॅल्शियम झिरपू लागते. प्रत्येक आजारात आधी काय बिघडते, आम्लता की कॅल्शियम, यावर अजून वाद चालू आहेत.

मग मेंदूतल्या इतर पेशी सोडून त्या काळ्या पट्ट्यावरच घाला का? यालाही कॅल्शियमनेच एक उत्तर सुचविले. या पेशी हृदयाप्रमाणे आपोआप ठोके देत असतात, आणि दर ठोक्याला त्यांच्यात कॅल्शियम शिरते. ते उपसण्याचा भार जन्मभर. शिकागोच्या जेम्स सर्मियर यांनी २००७ साली दाखविले की ती द्वारे बंद केल्यास उंदरांतील पेशी विषारी द्रव्यांपुढे अधिक तग धरतात. द्वारे बंद करणारे इझ्राडिपीन हे औषध रक्तदाबासाठी आधीच वापरात होते. मोठी आशा निर्माण झाली. ३३६ रुग्णांवर तीन वर्षे चाचणी झाली, निष्कर्ष २०२० मध्ये आला : काहीही फायदा नाही. उंदरातला तर्क माणसात फसला. अशा फसलेल्या चाचण्यांच्या बातम्या क्वचितच छापल्या जातात, म्हणून मुद्दाम लिहिले.

हे ऐकून मामींनी विचारले, "मग यांच्या हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का?" मुळीच नको. रक्तातले कॅल्शियम शरीर काटेकोरपणे सांभाळते. पेशीतल्या निरोपांचा आणि पोटात घेतलेल्या गोळीचा थेट संबंध नाही. आणि कंपवाताचा रुग्ण पडतो तेव्हा हाड मजबूत असलेले बरे.

उपचारांची गोष्ट आपल्या कुंपणापासून सुरू होते. पावसाळ्यानंतर रानात लोंबणारी खाजकुहिलीची शेंग चुकून अंगाला लागली की काय होते ते सर्वांना माहीत आहे. तिच्या बियांतून, म्हणजे कवचबीजातून, दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली लेव्होडोपा वेगळे काढले. त्याचा उपयोग तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना सर्पगंधेतील रिसर्पिन दिले. ते निपचित पडले. मग डोपा टोचले आणि ससे उठून हिंडू लागले. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी माणसांना मोठ्या मात्रेत ते यशस्वीपणे दिले. मुंबईत अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी कवचबीजाचे चूर्णच रुग्णांना देऊन पाहिले व १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मामांना आज ज्या गोळ्यांनी शर्टाची बटणे लावता येतात, त्यांतही लेव्होडोपाच आहे. पण ते केवळ उणीव भरून काढते. पेशी मरायच्या त्या मरतच राहतात.

मरण थोपविण्याच्या प्रयत्नांत दुसरी वनस्पती येते, अडुळसा. आगाशीच्या घरामागे त्याची रांगच आहे. आजी खोकल्याला त्याचा काढा करी. अडुळशात व्हॅसिसीन नावाचे अल्कलॉइड असते. त्याच्या धर्तीवर ब्रोमहेक्सीन हे औषध बनविले गेले, आणि त्यापासून अँब्रॉक्सॉल, जे आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असते. टोरांटो येथे वापरातली हजारभर औषधे चाळून पाहताना २००९ साली असे आढळले की अँब्रॉक्सॉल गोशेच्या आजारातील त्या दुबळ्या विकराला आधार देते आणि त्याचे काम सुधारते. ते लयकारिकांतून कॅल्शियमही मोकळे करते, असे पुढे फुप्फुसाच्या पेशींत दिसले. २०२० मध्ये लंडनच्या गटाने कंपवाताच्या सतरा रुग्णांवरचे निष्कर्ष दिले : औषध मेंदूभोवतीच्या द्रवापर्यंत पोचले आणि त्रासदायक ठरले नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे गुण येतो असे त्यावरून म्हणता येत नाही. ते तपासण्यासाठी सुमारे ३३० रुग्णांची दोन वर्षे चालणारी चाचणी ब्रिटनमध्ये २०२५ साली सुरू झाली.

ही बातमी मी आगाशीला नेली तेव्हा मामांचे डोळे चमकले. "म्हणजे खोकल्याचं औषध प्यायचं!" मी कागद घेतला आणि त्यांनाच हिशेब घातला. लंडनच्या चाचणीत रोजची मात्रा १,२६० मिलिग्रॅम होती. ज्या औषधाच्या एका चमच्यात ३० मिलिग्रॅम असतात ते घेतले, तर चमचे किती? त्यांनी तोंडीच सांगितले, "बेचाळीस." म्हणजे रोज शंभर मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि वर दोन चमचे. शिवाय दुकानात मिळणाऱ्या अशा पुष्कळ बाटल्यांत श्वासनलिका मोकळी करणारे दुसरे औषध मिसळलेले असते, आणि त्याचा एक ठरलेला दुष्परिणाम म्हणजे हाताला कंप सुटणे. मामा हसू लागले. मग त्यांनी तो कागद ओढून घेतला, खाली त्या दिवसाची तारीख घातली आणि सही केली. गोळी घेऊन तासच झाला होता. सही बऱ्यापैकी मोठी आली.